माशीचा भाऊ की भुंगेऱ्याचा? स्ट्रेप्सिप्टेरा गणाच्या वर्गीकरणाचा अठरा वर्षांचा वाद

पार्श्वभूमी

कागदी पोळे बांधणाऱ्या गांधीलमाश्यांपैकी एखादी भिंगाखाली धरली, तर कधी कधी तिच्या पोटाच्या दोन वलयांमधून तपकिरी, चपटे टोक बाहेर आलेले दिसते. ती जखम नसते. झेनोस नावाच्या दुसऱ्याच एका कीटकाची ती मादी असते. तिला डोळे, पाय, पंख यांपैकी काहीही नसते. सारे आयुष्य ती गांधीलमाशीच्या पोटात काढते आणि बाहेर दिसतो तो तिचे डोके व छाती एक होऊन बनलेला भाग. नर मात्र कोशातून निघाला की उडून जातो. त्याच्या हातात जेमतेम काही तास असतात. तेवढ्यात मादी शोधायची, मीलन करायचे आणि मरायचे. पुढे मादीच्या अंगातून हजारोंनी बारीक, चपळ अळ्या बाहेर पडतात आणि नव्या यजमानाच्या शोधात निघतात.

या कीटकांच्या गणाचे नाव स्ट्रेप्सिप्टेरा. जगभरात मिळून सुमारे ६०० जाती. त्यांचे यजमान मधमाश्यांपासून नाकतोडे, तुडतुडे, मुंग्यांपर्यंत पसरलेले आहेत. आपल्याकडे उसावर येणाऱ्या पाकोळीच्या, म्हणजे पायरिलाच्या, अंगातही या गणातला एक परजीवी राहतो. उसाच्या किडींचा अभ्यास करणाऱ्यांना तो ठाऊक आहे.

या गणातल्या कीटकाचे पहिले शास्त्रीय वर्णन इटलीच्या पिएत्रो रोस्सी यांनी १७९३ मध्ये केले, ते गांधीलमाश्यांच्याच गोतातला एक परजीवी समजून. १८०२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम कर्बी यांना एका रानटी मधमाशीच्या पोटावर काहीतरी चिकटलेले दिसले. आधी त्यांना तो अष्टपाद परजीवी वाटला. टाचणीने काढायला गेले तर पोटातून पांढरी मऊ अळी ओढली गेली. १८१३ मध्ये त्याच कर्बींनी या कीटकांसाठी स्वतंत्र गण केला. नाव मिळाले, पण शेजारी कोण हे ठरले नाही. ते ठरायला पुढची दोनशे वर्षे लागली.

या लेखात त्या दोनशेपैकी शेवटची अठरा वर्षे, १९९४ ते २०१२, पाहायची आहेत. वादातल्या हयात संशोधकांची नावे मी मुद्दाम टाळली आहेत. कोण बरोबर ठरले यापेक्षा प्रत्येक वळणावर समोर काय होते आणि निर्णय कसा झाला, हे मला महत्त्वाचे वाटते.

समस्या

सगळा घोळ नराच्या पंखांपासून सुरू होतो. त्याचे मागचे पंख मोठे, पंख्यासारखे पसरणारे आहेत आणि उडण्याचे सगळे काम तेच करतात. पुढच्या पंखांच्या जागी मात्र दोन छोट्या गदा आहेत. माश्या आणि डास यांच्या अंगावरही अशाच गदा असतात. त्यांना हॅल्टर म्हणतात. उडताना त्या जोरात हलत राहतात आणि शरीर कोणत्या बाजूला कलंडते आहे याची खबर मज्जासंस्थेला देतात. स्ट्रेप्सिप्टेराच्या गदाही तोल सांभाळण्याचेच काम करतात, हे १९९३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले.

फरक एकच, पण तो मोठा आहे. माशीत उडणारे पंख पुढचे आणि हॅल्टर मागे. इथे नेमके उलटे.

आता हे दोन अवयव एकाच पूर्वजाकडून आले म्हणायचे, तर ते छातीच्या एका खंडावरून दुसऱ्यावर कसे गेले ते सांगावे लागते. स्वतंत्रपणे घडले म्हणायचे, तर पंखाचे तोल राखणारे यंत्र बनण्याची दुर्मीळ गोष्ट उत्क्रांतीत दोनदा घडली असे मानावे लागते. दोन्हीकडे किंमत आहे.

शरीराच्या इतर खुणांकडे वळावे तर तिथे हाताला फारसे काही लागत नाही. मादी इतकी बदललेली आहे की तुलनेला अवयवच उरत नाहीत. नराचे तोंड जवळजवळ निकामी आहे. डोळे तर कीटकसृष्टीत एकटेच पडावेत असे: झेनोसच्या एका जातीत प्रत्येक डोळ्यात सुमारे ५० मोठी भिंगे आहेत आणि प्रत्येक भिंगामागे स्वतःचा पडदा आहे. परजीवी जगण्याने या कीटकांच्या शरीरावरची वंशाची लिपी पुसून टाकली आणि वर नवे काहीतरी लिहिले. जीवाश्मांचाही आधार मिळत नाही. म्यानमारच्या अंबरात, म्हणजे जीवाश्म झालेल्या राळेत, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा नर सापडला आहे, पण तो आजच्या नरांच्याच घडणीचा आहे.

समोर असलेले पर्याय

१९९० च्या सुमारास अभ्यासकांपुढे मुख्यतः तीन मते होती. चौथे, म्हणजे रोस्सींच्या वळणाचे गांधीलमाश्यांशी नाते जोडणारे मत, अधूनमधून पुन्हा मांडले जाई, पण त्याला फार आधार नव्हता.

पहिले मत असे की हे मुळात भुंगेरेच, परजीवी होऊन ओळखू न येणारे झालेले. काही भुंगेऱ्यांच्या अळ्याही पहिल्या अवस्थेत चपळ असतात, फुलावर बसून राहतात, मधमाशी किंवा गांधीलमाशी आली की तिला चिकटून तिच्या घरी जातात. साम्य लक्षवेधी आहे. पण यजमान शोधावा लागणाऱ्या कुठल्याही परजीवीला अशी अळी उपयोगाचीच असते, म्हणून पुरावा म्हणून ते लंगडे.

दुसरे मत भुंगेऱ्यांचे सख्खे भावंड, पण स्वतंत्र गण. याचा आधार उड्डाणात आहे. भुंगेराही मागच्या पंखांनी उडतो. त्याचे पुढचे पंख कडक झाकण झालेले असतात. म्हणजे पुढचे पंख उड्डाणातून काढून घेणे आणि सगळा भार मागच्यांवर देणे हे दोघांतही आहे. ही बारीक नजरेने पाहणाऱ्या शरीररचनाकारांची बाजू होती. तिच्यात चमक नव्हती, पण दम होता.

तिसरे मत माश्यांचे. हॅल्टर दोघांकडे आहेत, तर दोघे भाऊ. एवढेच म्हटले असते तर कोणी फारसे ऐकले नसते, कारण जागा उलट आहे. पण तोवर जनुकशास्त्रात एक मोठी गोष्ट घडून गेली होती.

एडवर्ड लुइस यांनी फळमाशीतल्या बायथोरॅक्स जनुकसमूहाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातल्या काही बदलांची जुळणी केली की माशीच्या छातीचा तिसरा खंड दुसऱ्या खंडासारखा घडतो आणि हॅल्टरच्या जागी पूर्ण पंख येतो. चार पंखांच्या त्या माशीचे छायाचित्र जगभर गाजले. १९९५ मध्ये लुइस यांना या कामासाठी नोबेल मिळाले. कोणत्या खंडावर कोणता अवयव यावा हे अल्ट्राबायथोरॅक्ससारखी मोजकी जनुके ठरवतात, हे तेव्हा प्रत्येक जीवशास्त्रज्ञाच्या मनात ताजे होते. मग माशीच्या एखाद्या प्राचीन नातलगात असाच बदल उलट्या दिशेने होऊन हॅल्टर पुढच्या खंडावर गेले असतील तर? प्रश्न विलक्षण होता आणि तो विचारण्याची वेळ अगदी जुळून आली होती.

पहिला निर्णय: १९९४

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हा प्रश्न डीएनएकडे नेला. पेशीतल्या रायबोसोमचा एक भाग घडवणारे १८एस नावाचे जनुक त्यांनी निवडले. निवड त्या काळाला धरूनच होती. हे जनुक सर्व प्राणी आणि वनस्पतींत असते, त्याच्या प्रती पुष्कळ असल्याने नमुना थोडा असला तरी हाती लागते, आणि तुलनेसाठी बऱ्याच कीटकांचे क्रम आधीच उपलब्ध होते. संपूर्ण जीनोम, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए, वाचणे तेव्हा कीटकांच्या बाबतीत स्वप्नच होते.

वंशवृक्ष काढताना त्यांनी कमीत कमी बदलांचे तत्त्व वापरले: ज्या वृक्षात एकूण बदल सर्वांत कमी मानावे लागतात तो स्वीकारायचा. उत्तर आले की स्ट्रेप्सिप्टेरा माश्यांच्या शेजारी. १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला आणि त्यात खंडांची अदलाबदल घडवणाऱ्या जनुकीय बदलाची कल्पना मांडलेली होती. पुढे या जोडीला हॅल्टेरिया हे नावही मिळाले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाचा पहिला निर्णयबिंदू हा आहे. त्यांच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, एका जनुकावरून काढलेला वृक्ष. दोन, पंखांच्या जागेची अदलाबदल कशी झाली असेल याची कल्पना. वृक्षाने कल्पनेला आधार दिला आणि कल्पनेमुळे वृक्ष पटण्याजोगा वाटला. दोन्ही एकत्र आल्यावर त्यांचे वजन प्रत्येकाच्या वेगळ्या वजनांच्या बेरजेपेक्षा जास्त भासू लागले. प्रत्यक्षात कल्पनेने वृक्षाला काहीच नवा पुरावा दिलेला नव्हता.

आक्षेप

वर्षभरातच आक्षेप आला. स्ट्रेप्सिप्टेराचे १८एस जनुक सरळ नाही. बहुतेक कीटकांत ते डीएनएच्या सुमारे १,९०० अक्षरांचे असते. इथे त्यात मोठे जादा तुकडे घुसलेले आहेत आणि उरलेल्या भागातही बदल झपाट्याने साचलेले आहेत. माश्यांचे १८एससुद्धा वेगाने बदललेले आहे. वृक्षावर फांदीची लांबी म्हणजे त्या वंशात साचलेले बदल, म्हणून दोन्हीच्या फांद्या लांबलचक. आणि अशा दोन लांब फांद्या एकमेकींकडे खोट्याच ओढल्या जातात, हे जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९७८ मध्येच गणिताने दाखवून ठेवले होते.

हे कसे होते ते समजून घेणे अवघड नाही. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत कॉपी पकडणारा परीक्षक बरोबर उत्तरांकडे पाहत नाही, कारण ती सगळ्यांचीच सारखी असतात. तो पाहतो की दोघांची तीच चूक कुठे कुठे आहे. आता दोन विद्यार्थ्यांनी, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, बहुतेक उत्तरे अंदाजाने ठोकली असतील तर? पर्याय चारच आहेत, त्यामुळे कित्येक चुका योगायोगानेच जुळणार, आणि परीक्षकाला दोघांचे संगनमत दिसणार. डीएनएची अक्षरेही चारच. वेगाने बदलणाऱ्या दोन वंशांत तेच अक्षर स्वतंत्रपणे येते आणि कमीत कमी बदल मोजणारी पद्धत त्याला वारसा समजते.

फेल्सेनस्टाइन यांच्या निष्कर्षातला सर्वांत धोक्याचा भाग पुढे आहे. अशा परिस्थितीत माहिती वाढवली की चूक कमी होत नाही. प्रश्नपत्रिका जितकी मोठी, तितका खोटा संशय पक्का. त्याच प्रकारची आणखी हजारो अक्षरे वाचली तर चुकीचे उत्तर अधिक ठामपणे मिळते.

१९९७ मध्ये आणखी एका संशोधकाने संगणकावर कृत्रिम डीएनए उत्क्रांत करून पाहिला. त्याने आधीच ठरवून स्ट्रेप्सिप्टेराला माश्यांपासून दूर ठेवले आणि फांद्यांची लांबी खऱ्या माहितीइतकीच घेतली. मग तीच पद्धत या कृत्रिम माहितीवर चालवली. वृक्षाने स्ट्रेप्सिप्टेरा माश्यांजवळ नेऊन बसवले. म्हणजे नाते नसतानाही ही पद्धत नाते दाखवू शकते.

या प्रयोगाने काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे काटेकोरपणे पाहावे. माश्यांशी नाते खोटे आहे हे सिद्ध झाले नाही. भुंगेऱ्यांशी नाते खरे आहे हेही नाही. एवढेच ठरले की या जनुकाची या पद्धतीने घेतलेली साक्ष धरता येत नाही. नंतरच्या चर्चेत ही मर्यादा दोन्ही बाजूंनी कधी कधी विसरली गेली.

दुसरा निर्णय: उत्तर कसे द्यायचे

पहिल्या गटापुढे आता मार्ग होते. जनुक बदलता येत होते. विश्लेषणाची पद्धत बदलता येत होती, कारण वेगवेगळ्या फांद्यांच्या वेगवेगळ्या वेगांचा हिशेब ठेवणाऱ्या संभाव्यतेच्या पद्धती तेव्हा रुळू लागल्या होत्या. किंवा पद्धत तीच ठेवून जाती आणि माहिती वाढवता येत होती.

त्यांनी मुख्यतः तिसरा मार्ग धरला. १९९७ मध्ये पूर्ण रूपांतर होणाऱ्या कीटकगणांचा मोठा अभ्यास आला. त्यात १८एसबरोबर २८एस जनुक आणि शरीररचनेची लक्षणे होती, जातीही पुष्कळ होत्या. उत्तर तेच: माश्या. शिवाय त्यांनी एक चांगला प्रतिप्रश्न केला. लांब फांद्या एकमेकींना ओढत असतील, तर एक फांदी काढून टाकल्यावर दुसरी आपल्या खऱ्या जागी जायला हवी. माश्या वगळून विश्लेषण करा आणि स्ट्रेप्सिप्टेरा कुठे जातात ते पाहा. ही तपासणी आजही उपयोगी आहे आणि ती वादाच्या भरात पुढे आली याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण २८एस हे १८एसचे जोडीदार जनुक आहे. दोन्ही रायबोसोमचीच, जीनोममध्ये एकाच पट्ट्यात बसलेली, आणि एकाच वंशात दोघांचाही वेग वाढण्याची शक्यता मोठी. म्हणजे साक्षीदार दोन झाले, तरी एकाच घरातले. शरीररचनेच्या तक्त्यातही असाच एक नाजूक निर्णय दडलेला असतो. माशीचे मागचे हॅल्टर आणि स्ट्रेप्सिप्टेराची पुढची गदा एकाच रकान्यात ‘हॅल्टर आहे’ अशी नोंदवायची, की दोन खंडांवरचे दोन वेगळे अवयव म्हणून दोन रकाने करायचे? एक रकाना केला की जे शोधायचे आहे त्यातले थोडे आपण आधीच मान्य केलेले असते.

यानंतरची काही वर्षे वाद कीटकावरून घसरून पद्धतींवर गेला. कमीत कमी बदल मानणारे एका बाजूला, संभाव्यता मानणारे दुसऱ्या बाजूला. निबंधांची शीर्षकेसुद्धा एकमेकांना टोमणे मारू लागली. लहानशा परजीवीच्या निमित्ताने दोन घराणी आपली जुनी भांडणे पुढे नेत होती, असे आज ते निबंध ओळीने वाचताना वाटते.

बाजूने आलेला पुरावा

मला या प्रकरणातले सर्वांत सुंदर पाऊल १९९९ चे वाटते. ते छोटे आहे आणि गाजावाजा न करता टाकलेले आहे.

इंग्लंडमधल्या एका गटाने अक्षरे मोजण्याचा नादच सोडला. त्यांनी एन्ग्रेल्ड नावाच्या जनुकाची घडण पाहिली. जनुकाच्या मध्ये कधी कधी प्रथिन बनवताना कापून टाकला जाणारा तुकडा असतो, त्याला इंट्रॉन म्हणतात. एन्ग्रेल्डच्या एका ठरावीक जागी माश्यांमध्ये आणि पतंग-फुलपाखरांमध्ये असा तुकडा शिरलेला आहे. म्हणजे या दोघांच्या सामाईक पूर्वजात तो एकदा शिरला असावा. अगदी त्याच जागी पुन्हा तुकडा शिरणे सहज घडणारी गोष्ट नाही, आणि वेगाने अक्षरे बदलण्याशी तिचा थेट संबंध नाही. म्हणून लांब फांद्यांचा भुलावा इथे चालत नाही.

प्रश्न साधा झाला. स्ट्रेप्सिप्टेरा माश्यांचे सख्खे भाऊ असतील, तर त्यांच्यातही तो तुकडा हवा. त्यांनी स्टिकोट्रेमा नावाच्या स्ट्रेप्सिप्टेरात पाहिले. हा पापुआ न्यू गिनीत तेलताडाच्या पानांचा फडशा पाडणाऱ्या नाकतोड्यांचा परजीवी आहे आणि तिथे तो त्या किडीच्या जैविक नियंत्रणासाठी अभ्यासला गेला. तुकडा तिथे नव्हता.

तो नंतर गळून गेला असण्याची शक्यता उरतेच, त्यामुळे एवढ्याने निकाल लागला असे म्हणता येत नाही. शिवाय या पुराव्याने माश्यांपासून दूर नेले, भुंगेऱ्यांच्या दाराशी आणून सोडले नाही. पण चर्चेची दिशा बदलायला हवी होती ती इथे. वेगळ्या जातीचा, स्वस्त, आणि वादातल्या दोषापासून मुक्त असा पुरावा प्रथमच टेबलावर आला होता.

२००५ मध्ये आणखी एक गोष्ट कळली, तीही आडवाटेने. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यात, म्हणजे ट्रायबोलियममध्ये, अल्ट्राबायथोरॅक्स जनुक बंद केले तर मागचा पातळ पंख कडक झाकणासारखा घडतो. माशीत हेच जनुक मागच्या पंखाला हॅल्टर बनवते. भुंगेऱ्यात ते मागच्या पंखाला पंख ठेवते. बदललेला असतो तो पुढचा. पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटाने २०१६ मध्ये माशी, मधमाशी आणि रेशीमकिडा यांत हे जनुक कोणकोणत्या जनुकांवर काम करते याची तुलना केली. त्यातूनही हेच दिसते की अल्ट्राबायथोरॅक्स सगळीकडे मागच्या खंडात असतेच, फरक पडतो तो त्याच्या हाताखालच्या जनुकांच्या नियंत्रणात. एका बदलाने आख्खा अवयव शेजारच्या खंडावर जाऊन तिथे लाखो वर्षे सुरळीत काम करेल, ही १९९४ ची कल्पना या ज्ञानापुढे फार सोपी वाटते. भुंगेऱ्यांचे भावंड मानले तर तिची गरजही पडत नाही: पुढचे पंख उड्डाणातून मोकळे झालेच होते, एका वंशात त्यांची झाकणे झाली, दुसऱ्यात तोल सांभाळणाऱ्या गदा.

तिसरा निर्णय: कोणती जात वाचायची

२००९ मध्ये प्रथिने घडवणाऱ्या सहा जनुकांवरून सर्व पूर्ण-रूपांतरी गणांचा वृक्ष काढला गेला आणि स्ट्रेप्सिप्टेरा भुंगेऱ्यांशेजारी आले. पुढच्याच वर्षी नऊ जनुकांच्या अभ्यासात मात्र जागा पुन्हा डळमळली. जनुके मोजकी असली की असे होणारच. आता संपूर्ण जीनोम वाचणे शक्य झाले होते. प्रश्न होता, कोणाचा?

सोपा पर्याय झेनोस किंवा मधमाश्यांवरचा स्टायलोप्स. भरपूर अभ्यासलेले, मिळायला सोपे. पण जर्मनीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात निवड झाली मेंजेनिलाची. ट्युनिशियात मिळालेली ही जात इतकी नवी होती की तिचे नामकरणही त्याच सुमारास झाले. मेंजेनिला हा गणाच्या अगदी बुडाशी फुटलेल्या शाखेचा वारस. त्याचा यजमान म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या कसरीचा नातलग. आणि त्याची मादी यजमानाच्या पोटात अडकून राहत नाही. ती बाहेर येते, तिला पाय आणि डोळे असतात, फक्त पंख नसतात. परजीवी जीवनाने या गणावर जे पुसले, त्यातले थोडे इथे शाबूत आहे.

हा निर्णय मला निर्णायक वाटतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रांइतकेच महत्त्व इथे कीटक गोळा करणाऱ्याच्या आणि शरीररचना जाणणाऱ्याच्या डोळ्यांना होते. कोणती फांदी सर्वांत आधी फुटली हे ठाऊक असल्याशिवाय ही जात निवडण्याचे कोणाला सुचले नसते.

निष्पत्ती

२०१२ मध्ये मेंजेनिलाचा जीनोम प्रसिद्ध झाला. १३ कीटकांच्या जीनोममधली, प्रत्येकात एकेकच प्रत असलेली सुमारे साडेचार हजार जनुके तुलनेला घेतली गेली. अक्षरांच्या क्रमाबरोबरच जीनोमच्या घडणीतल्या खुणा आणि शरीररचनेची लक्षणेही स्वतंत्रपणे तपासली गेली. सर्वांचा कौल एकच आला: स्ट्रेप्सिप्टेरा हे भुंगेऱ्यांचे सख्खे भावंड आहेत.

तरी फेल्सेनस्टाइन यांचा इशारा मनात ठेवून कोणीतरी विचारायला हवेच होते की साडेचार हजार जनुकांनीही मिळून तीच फसवणूक केली नसेल कशावरून. २०१४ मध्ये आणखी एका गटाने नेमके हेच तपासले. फांद्यांच्या वेगातले फरक चांगले सांभाळणारी प्रतिमाने वापरली तरी भुंगेऱ्यांशी नाते टिकले. त्याच वर्षी १,४७८ जनुकांवरून काढलेला कीटकांचा विस्तृत वंशवृक्ष ‘सायन्स’मध्ये आला, त्यातही जागा तीच होती.

हॅल्टर म्हणजे दोनदा घडले. एकदा माश्यांत मागच्या पंखांपासून, एकदा स्ट्रेप्सिप्टेरात पुढच्या पंखांपासून. ज्याला सुरुवातीला कोणी सहज मान्य करायला तयार नव्हते तेच घडले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट १९९४ चीच. फेल्सेनस्टाइन यांचा निष्कर्ष तेव्हा सोळा वर्षांचा जुना होता. स्ट्रेप्सिप्टेरा आणि माश्या या दोघांच्या फांद्या लांब आहेत हे पहिल्याच वृक्षात दिसत होते. कृत्रिम माहितीवरची जी तपासणी टीकाकाराने तीन वर्षांनी केली, तिचा विचार मूळ लेखकांनीच आधी करायला हवा होता. उत्तर हाती आले की ‘हे माझे जनुक आणि माझी पद्धत चुकणार असती, तर कोणते चुकीचे उत्तर आले असते?’ असे विचारावे. येणारे चुकीचे उत्तर आणि आलेले उत्तर एकच निघाले, तर निबंध थांबवावा.

पंखांच्या अदलाबदलीची कल्पना वेगळी छापायला हवी होती, वृक्ष पक्का झाल्यावर. विज्ञानात धाडसी कल्पनेला जागा हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि या कल्पनेमुळेच इतके लोक या दुर्लक्षित कीटकांकडे वळले. पण ती कल्पना इतकी देखणी होती की वृक्षावर टीका केली तरी लोकांना ती कल्पनेवरची टीका वाटू लागली.

टीकाकारांनीही एक पाऊल चुकवले असे मला वाटते. साक्ष अविश्वसनीय आहे हे दाखवल्यावर दुसऱ्या प्रकारची साक्ष शोधणे हे त्यांचेही काम होते. एन्ग्रेल्डसारखी तपासणी १९९५ मध्येही आवाक्यात होती. ती चार वर्षांनी, तिसऱ्याच गटाने केली आणि तिच्या मागोमाग अशा आणखी दहा खुणा शोधण्याची लाट यायला हवी होती, ती त्या प्रमाणात आली नाही. पद्धतींच्या भांडणात तेवढी वर्षे गेली.

आणि मेंजेनिलाकडे आधी वळता आले असते. बुडाशी फुटलेल्या शाखेची जात वृक्षात घातली की लांब फांदी मधून तोडली जाते, हे तत्त्व जुने आहे. अडचण होती ती नमुन्यांची. उन्हातान्हात दगड उलथून कसरींच्या अंगातले परजीवी शोधणाऱ्या माणसाला संशोधन प्रकल्पात बहुधा तंत्रज्ञाचे स्थान मिळते, आणि यंत्र चालवणाऱ्याला सहलेखकाचे. हे बदलायला हवे.

आपल्याकडे सह्याद्रीतल्या कीटकांचे डीएनए बारकोड काढण्याचे काम अनेक महाविद्यालयांत सुरू आहे. त्यात बहुधा मायटोकॉन्ड्रियातले सीओआय हे एकच जनुक वाचले जाते. परजीवी किंवा विलक्षण वेगाने बदललेल्या गटांत, जसे की चिमुकले परजीवी गांधील किंवा उवा, त्या एका जनुकाच्या वृक्षात दोन लांब फांद्या शेजारी दिसल्या की विद्यार्थ्याने आधी एक काढून वृक्ष पुन्हा काढावा, मग दुसरी काढून. केंद्रकातले निदान एक जनुक सोबत वाचावे. ज्या कीटकाचा पाय डीएनएसाठी वापरला त्याचे उरलेले शरीर टाचणीवर किंवा अल्कोहोलमध्ये, ठिकाण आणि तारखेच्या चिठ्ठीसह, संग्रहात ठेवावे. पुढे कोणी त्या निष्कर्षावर शंका घेतली, तर तपासायला तो कीटक त्याच्या हाती देता यायला हवा.